काट्याचा पत्ता

चि. भाचेबुवांस,


शिंगणापुराहून पाठवलेले फोटो मामाला पोचले. रस्त्याकडेची मुरमाड पडीक जागा, तिथलं कमरेइतकं उंच, फांद्यांत फांद्या अडकलेलं झुडूप, आणि खाली तुझा प्रश्न: ‘हीच ना शमी?’ शनीच्या गावात उगवलेलं काटेरी झाड शमीचंच असणार, हा तुझा तर्क. तर्क भाविकाला शोभेल, पण झुडूप शमीचं नाही. ती बोर आहे, बहुधा चणीबोर. शाळेबाहेर पाटीत मिळायची ती आंबटगोड, बारकी, चन्यामन्या बोरं चणीबोरीचीच.

तुझ्या तिसऱ्या फोटोत, जो तू बहुधा चुकून फार जवळून काढलास, सगळं उत्तर आहे. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी आहे, आणि त्या जोडीतले दोन काटे एकसारखे नाहीत. एक सुईसारखा सरळ, दुसरा मागे वळलेला आकडा. सरळ काटा आत शिरणाऱ्याला टोचतो आणि वाकडा बाहेर पडणाऱ्याला धरून ठेवतो. नेवाशाकडचे शेतकरी बांधावर बोराटी रचत आले ते याच जोडीच्या भरवशावर. गावात घरांना दारं नसली तरी शेळीला शनीची भीती घालता येत नाही. पानं नखाएवढी, गोलसर. पाठीमागे पांढुरकी लव. देठापासून निघालेल्या तीन ठळक शिरा. एवढ्यावर बोरीपर्यंत तरी बिनघोर पोचता येतं.

माळावरची झाडं ओळखताना लोक आधी पान बघतात आणि तिथंच फसतात. उन्हाळ्यात अर्ध्या झुडपांवर पान नसतं, असलं तर शेळ्यांनी ओरबाडलेलं असतं. बाभूळ, हिवर, शमी, वेडी बाभूळ या सगळ्यांची पानं लांबून सारखीच बारीक दिसतात. फुलांचा हंगाम छोटा. काटा मात्र बारा महिने जागेवर असतो. तेव्हा काट्याचा आधी पत्ता विचारावा: तो फांदीवर नेमका कुठून उगवला?

तुमच्या भागात ऊस आहे, म्हणून उसाच्याच भाषेत सांगायचं तर काटा पेरावर आहे की कांड्यावर, हे पाहायचं. पेरावर, पानाच्या बुडाशी, दोन्ही बाजूंना एकेक असेल तर ती मुळात उपपर्णं आहेत, कडक होऊन काटे झालेली. बोरीचे काटे असे, बाभळीचे पांढरे सरळ काटेही असेच. नेपतीचेही तसेच, पण नेपतीला पानंच नसल्यासारखी असतात, नुसत्या हिरव्या काड्यांचा झुबका आणि त्यावर विटकरी फुलं, त्यामुळे तिच्यात गफलत व्हायची भीती कमी.

पानाच्या बगलेतून निघणारा काटा निराळा. तिथून खरं तर फांदी फुटायची. तीच आखूड आणि टोकदार झालेली असते. हिंगणबेटाचा लांब हिरवा काटा असा, आणि त्याच्या पानाला दोनच पर्णिका असतात, हे दुसरं लक्षण. हेकळीचं तर बघण्यासारखं आहे. तिच्या काट्यालाच पानं फुटतात, फुलंही येतात. काटा म्हणजे मुळातली फांदी, याचा इतका उघड पुरावा दुसरा नाही. वर्गात शिकवताना हेकळीची एक डहाळी धड्यातल्या चार पानांचं काम करते.

आता तुझी शमी, म्हणजे आपल्याकडची सौंदड. तिचे काटे कांड्यावर असतात. पेर सोडून मधल्या जागेत, कुठंही विखुरलेले, आखूड आणि बुडाशी रुंद. पानाच्या बुडाशी त्यांचं काहीच नातं नाही. गुलाबाचे काटे या प्रकारचे. म्हणून काट्यांची शिस्तशीर जोडी दिसली की शमीचं नाव तिथंच खोडायचं.

या एका लक्षणावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्यं घातली आहेत. आर्तुरो बुर्कार्ट या अर्जेंटिनाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1976 साली ‘प्रोसोपिस’ या प्रजातीतल्या 44 जातींची मांडणी केली, तेव्हा गट पाडताना त्याने काट्याचा प्रकार हाच मोठा आधार घेतला. कांड्यावर विखुरलेले काटे असणारी शमी एका गटात. पानाच्या बगलेत काटे असणारी, अमेरिकेतून आलेली वेडी बाभूळ दुसऱ्या गटात. पुढे जनुकांचा अभ्यास झाला आणि 2022 मध्ये ही प्रजाती चार भागांत फोडली गेली. शमीकडे ‘प्रोसोपिस’ हे नाव राहिलं, वेडी बाभूळ ‘नेल्टुमा’ झाली. जुन्या पुस्तकांत दोघी बहिणी म्हणून छापलेल्या आहेत, तेव्हा वाचताना सांभाळ. माळावर बघणाऱ्याला मात्र ही फारकत काट्यावरून आधीपासून दिसत होती. वेडी बाभूळ 1870च्या दशकात दक्षिण भारतात मुद्दाम आणून लावली, जळणासाठी. शेळ्या तिच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, गोड शेंगा मात्र चवीनं खातात आणि बिया लेंड्यांतून माळभर पेरतात. गायरानं कशी भरली, हे यावर वेगळं सांगायला नको.

शमीच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे आणि तो तुझ्या आईच्या गॅलरीपर्यंत आलेला असू शकतो. शनीची समिधा शमी, जशी सूर्याची रुई आणि मंगळाची खैर. त्यामुळे शमीच्या रोपाला कायम गिऱ्हाईक. पण रोपवाटिकेत ‘शमी’ म्हणून पुष्कळदा हातात पडते ती सिगमकाटी. पान अगदी तसंच, रोपही कुंडीत छान वाढतं, विकणाऱ्यालाही बहुधा फरक ठाऊक नसतो. फुलल्यावर मात्र बिंग फुटतं. सिगमकाटीचा तुरा लोंबता आणि दुरंगी, वरचा भाग गुलाबी आणि खालचा पिवळा. शमीचा तुरा सडपातळ, सगळाच फिकट पिवळा. फुलाची वाट बघायची नसेल तर पुन्हा काटा. सिगमकाटीत आखूड फांदीचंच टोक काटा होतं आणि त्या फांदीवर पानं असतात. आईला हे सांगताना जपून सांग. शनिवारी तर सांगूच नकोस.

आणि तुला शनीशी नातं जोडायचंच असेल तर बोरीचा हक्क शिंगणापुरात शमीपेक्षा जुना आहे. गावात सांगतात ती कथा अशी, की पानसनाल्याला पूर आला, त्यात काळी शिळा वाहत आली आणि बोरीच्या झाडाला अडकली. गुराख्याने काठी टोचली तर शिळेतून रक्त आलं. गावाने जोर लावला, शिळा हलेना. मग दृष्टांत झाला की मला सख्ख्या मामा-भाच्यांनीच उचलावं. (आपल्या दोघांकडून साधी सतरंजी धड उचलली जात नाही, हे तुझ्या मामीचं मत इथं नोंदवून ठेवतो.) कथा खरी किती हा प्रश्न सोडून दे, सांगणाऱ्याला ओढ्याकाठचं झाड चांगलं माहीत होतं. पुरात वाहणारी वस्तू अडकवून धरायला आकड्याच्या काट्याची बोरच हवी.

बोर निरुपयोगी म्हणून पडीक जागेला सोडलेली नाही, हेही बघून ठेव. रानबोर कापून तिच्या फुटव्यावर चांगल्या जातीचा डोळा भरतात आणि खोल गेलेल्या त्याच मुळांवर मोठी बोरं घेतात. कोरडवाहू शेतकऱ्याला हे बिनपाण्याच्या विहिरीपेक्षा परवडतं. राजस्थानात चणीबोरीचा वाळवलेला पाला शेळ्यामेंढ्यांचा साठवणीचा चारा आहे.

आता एक शंका उरते आणि ती फोटोवरून मिटणार नाही. मोठी बोर शेळ्यांनी सतत खुडली की तीही अशीच खुरटते आणि चणीबोरीसारखी दिसते. काट्यांची जोडी दोघींची सारखीच. पानाच्या आकारावरून चणीबोर वाटते, पण ठाम नाव द्यायला फळ हवं: चणीबोरीचं सेंटिमीटरभराचं, गोल, मोठ्या बोरीचं त्याहून मोठं, बरेचदा लांबट. तोवर प्रधान आणि सिंह यांची 1999ची ‘फ्लोरा ऑफ अहमदनगर डिस्ट्रिक्ट’ महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मिळाली तर चाळ. थिओडोर कुकचे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचे जुने खंड मामाकडे आहेतच. संक्रांतीच्या आधी पुन्हा त्या रस्त्याला गेलास की पूर्ण बाह्यांचा सदरा घाल, फळांसकट वीतभर डहाळी वर्तमानपत्रात दाबून आण, आणि बोरं दोन मुठी आण. ओळखायला एक पुरेल. बाकीची घरातल्या धाकटीच्या बोरन्हाणाला लागणार आहेत.

तुझा,
मामा