चढ

मराठी शिकवणाऱ्या बापाने मुलाला गणित शिकवू नये, हे मला केव्हाच पटले आहे. पण परवा रात्री चिरंजीवांनी दहावीचे पुस्तक पुढ्यात टाकलेच. "बाबा, दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ कसा काढायचा?"

बिंदू होते (२, ३) आणि (६, ५). उंचीतला फरक २, आडव्या अंतरातला ४. दोनाला चाराने भागले, चढ अर्धा! चारदा सांगूनही त्याला उमजेना, तेव्हा माझाच आवाज चढला. त्याने मुकाट्याने वही मिटली.

मला झोप लागेना. पडल्या पडल्या आमच्या हिवरखेडवरून खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी आठवली. २०१७ साली ती बंद झाली. सातपुड्यात धूळघाटापाशी तिचा रूळ मोठा वळसा घेऊन आपल्याच रुळावरून पलीकडे जाई. डोंगराची उंची काही कमी करता येत नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी अंतर वाढवले आणि चढ आपोआप उतरला. लोखंडी इंजिनाची एवढी काळजी! आणि मी पोटच्या पोराला सरळ कड्यावर चढवीत होतो.

सकाळी वही मीच उघडली. म्हटले, "चल बाळ, आज वळशाने जाऊ."