माय फादर हॅज शुगर

श्रीपूरला गाळप हंगाम सुरू झाला की मळीचा वास घराघरांत शिरतो. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या कारखान्यामुळे हे गाव नावारूपाला आले. त्यामुळे इथल्या पोरांना दुसरे इंग्रजी येवो न येवो, 'शुगर' हा शब्द येतोच. म्हणून सहावीच्या वर्गाला मी तोच दिला. "शुगर शब्द वापरून रोजच्या बोलण्यातली पाच वाक्ये लिहा."

आमची शाळा उर्दू माध्यमाची. मुले घरी दखनी बोलतात, बाजारात मराठी आणि वर्गात उर्दू. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. पण या मुलांच्या घरात ते शिरलेले नाही, अशी माझी समजूत होती.

वह्या तपासायला घेतल्या. बहुतेकांनी 'आय लाइक शुगर' लिहिले होते. एका मुलीने लिहिले होते, 'माय फादर हॅज शुगर.' बी.एड.ला शिकलेले आठवले. साखर एक, दोन अशी मोजता येत नाही, तिच्याआधी 'सम' लावावे. मी लाल शाईने मध्ये 'सम' घातले आणि वाक्य तीनदा लिहून आणायला सांगितले. तिचे चौथे वाक्य होते, 'वी डू नॉट बाय शुगर नाउ.' व्याकरण बरोबर होते. मी टिक करून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी वही पुढे धरून ती उभीच राहिली.

"टीचर, 'सम' मतलब थोडा ना?"

"हां."

"पर डॉक्टर थोडा नै बोले. बहोत है बोले."

वर्ग हसला. मला हसता आले नाही. तिचे अब्बा उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पायाची जखम महिनाभर भरेना, म्हणून रक्त तपासले होते.

मी फळ्यावर 'डायबेटिस' लिहिले आणि विचारले, "घर में और किसको शुगर है?" सात-आठ हात वर आले. कुणाची दादी, कुणाचे मामू. इंग्रजी यांच्या घरात केव्हाच शिरले होते, दवाखान्याच्या कागदावरून. मलाच पत्ता नव्हता.

त्या रात्री शब्दकोश काढून बसले. मूळ शब्द संस्कृतातला 'शर्करा', म्हणजे खडे, वाळू. फारसीत तो 'शकर' झाला, अरबीत 'सुक्कर', आणि तिथून युरोपात जाऊन 'शुगर'. बाजारातली साखर, आमच्या घरातली शक्कर आणि पुस्तकातली शुगर, तिघी एकाच घरच्या. पुढे असेही वाचले की अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत साधी माणसे मधुमेहाला 'शुगर'च म्हणत आली आहेत. म्हणजे पोरीचे वाक्य तिकडच्या इंग्रजीतही चालले असते. चुकले होते ते माझे 'सम'.

रविवारी तिच्या घरी गेले. अब्बा पाय स्टुलावर ठेवून बसले होते. अम्मीने तपासणीचा कागद माझ्यापुढे धरला आणि 'फास्टिंग' या शब्दावर बोट ठेवले.

"टीचर, बेटी बोलती इसका मतलब रोजा. इनकू सहरी करके रोजे से जाना क्या?"

फास्टिंग म्हणजे रोजा, हे वर्गात मीच शिकवले होते. अर्थ खोटा नव्हता, अर्धा होता. सहरी करून हे गेले असते, तर तपासणी वाया गेली असती. मी समजावले, "रात्रीच्या जेवणानंतर निदान आठ तास काही खायचे नाही. चहासुद्धा नाही. साधे पाणी चालते. सकाळी तसेच जायचे." पोरगी कागदाच्या कोपऱ्यावर उर्दूत लिहून घेत होती. गोळ्यांवरचे 'बिफोर फूड', 'आफ्टर फूड' तिने स्वतःच वाचून दाखवले.

मी उठू लागले तशी अम्मी म्हणाली, "चाय पिए बगैर नै जाना." पोरगी मागच्या दाराने गेली आणि पदराखाली, म्हणजे ओढणीखाली, काहीतरी झाकून परत आली. थोड्या वेळाने चहा आला. अब्बांचा कप वेगळा होता.

"शक्कर कम तो नै ना, टीचर?"

चौथे वाक्य मला तेव्हा आठवले.

"बराबर है," मी म्हणाले. चहा चांगलाच गोड झाला होता. दाराशी शेजारणीची रिकामी वाटी धुऊन पालथी ठेवली होती.