बॉनेटखालची टिपणं

नवरात्राची आठवी माळ. उद्या खंडेनवमी, म्हणून सोसायटीच्या आवारात सकाळपासून बादल्यांचा आवाज. आमची मारुती ८००, १९९७ ची, बाबांनी घेतलेली. तिला बाहेरून दर रविवारी आंघोळ असते. बॉनेटखाली मात्र चार वर्षांत डिपस्टिक काढून बघण्यापुरताच हात गेला आहे. यंदा आधी आतून.

*

बॉनेट उचलून दांडी लावली आणि कोपऱ्यातली धूळ अंगठ्याने पुसली. खाली लाल रंग. छपराचा लाल उन्हाने कधीच विटला. हा मात्र, बाबा पेढ्यांचा पुडा डॅशबोर्डवर ठेवून गाडी घरी घेऊन आले, त्या दिवशीचा लाल.

*

धुण्याआधी नुसतं बघायचं, ही मिस्त्रींची अट. "आधी घाण दाखवा साहेब, मग धुवा. धुतल्यावर काय कळणार?" कोरडी धूळ फुंकरीने उडते, जिथे ती काळ्या लोण्यासारखी बोटाला चिकटते, तिथे तेल आहे. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे सगळ्यात जास्त माखलेली जागा बहुतेक वेळा निर्दोष असते; माखलेल्यातली सगळ्यात वरची जागा शोधायची. आमच्याकडे ती टॅपेट कव्हरच्या कडेला निघाली. "पॅकिंग गेलंय," मिस्त्री फोनवरचा फोटो बघूनच म्हणाले.

*

क्रम लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

इंजिन पूर्ण थंड हवं, हात निवांत टेकवता येईल इतकं. तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, आणि डीग्रीझर लावल्या लावल्या वाळून डाग धरतं.

मग बॅटरीची मायनस वायर आधी सोडायची. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. प्लस आधी सोडायला गेलो आणि पाना पत्र्याला टेकला की ठिणगी. लावताना उलट, मायनस शेवटी.

मग अल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, फ्यूजची डबी आणि एअर फिल्टरचं तोंड झाकायचं. दुधाच्या पिशव्या आणि रबरबँड यांच्यासारखं दुसरं काही नाही.

*

हत्यारं: जुना टूथब्रश, एक इंची रंगाचा ब्रश, बाबांचा निवृत्त झालेला दाढीचा ब्रश, बनियनच्या चिंध्या, फवाऱ्याची बाटली. पाणी दीड बादली, बस्स. वॉशिंग सेंटरची जोराची धार इथे नको. रेडिएटरच्या पातळ पाकळ्या तिने आडव्या होतात, आणि एरवी भर पावसातही जिथे पाणी शिरत नाही अशा वायरींच्या सॉकेटमध्ये ते जाऊन बसतं.

*

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवट बुरशी. दिसायला बुरशी, खरं तर आम्लाने खाल्लेल्या धातूचा क्षार. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून वर सोडला. ढोकळ्याच्या पिठासारखा फसफसला. फसफस थांबली की तिथलं आम्ल संपलं. झाकणाच्या भोकातून सोडा आत मात्र जाऊ द्यायचा नाही, बॅटरीचं पोट त्या आम्लावरच चालतं. मग कोरडं पुसून, टर्मिनल आवळून, वरून बोटभर व्हॅसलिन.

*

पुष्कळ ठिकाणी इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल फवारून देतात. मळ निघतो, खोटं कशाला बोला. पण होजपाइपचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, आणि मागे राहिलेला तेलकट थर नवी धूळ बोलावून घेतो. शिवाय तापणाऱ्या एक्झॉस्टशेजारी डिझेलचा ओलावा ठेवायचा कशाला? पाण्यात मिसळणारं डीग्रीझर बरं. तेही नसेल तर भांड्यांचं लिक्विड.

*

चार वर्षांपूर्वीची फजिती. डिस्ट्रिब्युटर झाकायचा राहिला होता. गाडी स्टार्ट झाली, पण तीन सिलिंडरपैकी एक गप्प. आरशापासून नंबरप्लेटपर्यंत सगळं थरथरत होतं. वरच्या गॅलरीतून शेजारचे काका: "काय हो, रिक्षा घेतलीत वाटतं?" कॅप काढून आतून कोरड्या फडक्याने पुसली, वायरींची टोपणं उपसून पुसली, मग दहा मिनिटं हिचा हेअर ड्रायर. तिसरा सिलिंडर बोलायला लागला. हेअर ड्रायरला अजून इंजिनाचा वास येतो, असं हिचं म्हणणं.

*

वायपरखालच्या जाळीत सापडलेल्या वस्तू: गुलमोहराची पानं, नारळाचा काथ्या, जंगली बदामाचं कुरतडलेलं फळ, पावाचा तुकडा. पानांनी पाणी जायचं भोक पार बुजलेलं. पावसाळाभर पायाशी चटई ओली होत होती आणि आम्ही दाराच्या रबराला शिव्या देत होतो.

काथ्या आणि पाव अर्थात उंदराचे. उबेला येतात. त्यावर कोणी तंबाखूची पानं ठेवायला सांगतं, कोणी डांबराच्या गोळ्या. आमच्या उंदराने तंबाखूच्या पुडीला टेकूनच घर बांधलं होतं.

*

आता नटवणं. दुकानात काळी चमक आणणारं ड्रेसिंग मिळतं, एक पाण्यातलं, एक तेलकट. तेलकटावर धूळ बसते, म्हणून पाण्यातलं घेतलं. स्पंजवर चार थेंब घेऊन प्लास्टिकच्या झाकणांवर आणि होजपाइपांवर फिरवलं, जरा मुरू दिलं, उरलेलं कोरड्या फडक्याने टिपलं. होजपाइप तळ्यातून नुकत्याच वर आलेल्या म्हशीसारखे दिसायला लागले. फॅन बेल्टला चुकूनही बोट लावायचं नाही. घसरतो आणि किंचाळतो. धातूलाही नको, टॅपेट कव्हरला तर नाहीच. उद्या तिथे ओलसर चमक दिसली तर ती बाटलीतली की इंजिनातली, हे कुणाला विचारणार?

*

मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये पाहिलेलं. एक गृहस्थ सेकंडहँड गाडी दाखवायला घेऊन आले. बॉनेट उघडलं तर इंजिन लग्नघरातल्या नवरदेवासारखं, वरपासून खालपर्यंत चकचकीत. गृहस्थ खूश. मिस्त्रींनी बॉनेट तसंच खाली सोडलं. "हायवेला वीस किलोमीटर फिरवून आणा. मग उघडू." परत आले तेव्हा गिअरबॉक्सच्या जोडाखाली ताजा ओघळ, चमकत्या काळ्यावरून सरळ खाली उतरलेला. मिस्त्री हात पुसत म्हणाले, "मळकं इंजिन चालतं मला. नटलेलं नको."

तेव्हापासून माझी बाटली अर्धीच्या खाली गेलेली नाही.

*

खंडेनवमी. गॅरेजमध्ये पाने-हातोडे धुऊन, पुसून पाटावर मांडलेले. आमच्याकडे आईने बॉनेटवर झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं, चाकाशी नारळ ठेवला. मग थबकली. "आतलं कुठाय? काम ते करतं, आणि हार या पत्र्याला?" पुन्हा दांडी लावली. एअर फिल्टरच्या झाकणावर हळदकुंकवाची दोन बोटं आणि एक फूल. फूल तिची पाठ वळल्यावर मी काढून घेतलं. पंख्यात जायला नको.

*

कोजागरी. गच्चीवर दूध ठेवलंय. मी टॉर्च घेऊन खाली. तीन दिवसांपूर्वी मिस्त्रींनी नवं पॅकिंग टाकलं, त्याची कड कोरडी ठणठणीत. हळदीचं बोट अजून जागेवर. पण रेडिएटरच्या खालच्या होजला, क्लॅम्पपाशी, एक हिरवागार थेंब. कूलंटची बाटली दर महिन्याला बोटभर खाली का उतरते, हे आम्ही दोन वर्षं एकमेकांना विचारत होतो. थेंब तेव्हाही पडतच असणार. खालचा मळ तो पिऊन टाकत होता.

इंजिन गारच होतं. क्लॅम्पचा स्क्रू अर्धा फेरा आवळला, थेंब पुसला, खाली पुठ्ठा सरकवला. सकाळी पुठ्ठा बघायचा.

वर गेलो तोवर दूध आटलं होतं.