फीडर कमी पडला की बारका पक्षी मागं राहतो



आधी शेडवरची नोंद. लॉटचा आज 27वा दिवस. सरासरी वजन 1 किलो 340 ग्रॅम. मर 3 टक्क्यांच्या आत. ऊन वाढलंय म्हणून दुपारी फॉगर चालू ठेवतोय आणि खाद्य पहाटे नि दिवस मावळल्यावर देतोय. बाकी ठीक.

आज मात्र घरातलं लिहायचंय. विषय आहे चिकन क्लब सँडविच. हसू नका, पुढं वाचा.

थोरली पोरगी पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला ग्राउंडवर असते. मुलींना 800 मीटर पळावं लागतं. दोन महिन्यांत तिचा टाइम कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला होता. मी आपला म्हणायचो, "मोबाईल कमी कर, झोप नीट घे." मागच्या पंधरवड्यात पळताना तिला चक्कर आली. मैत्रिणींनी धरून घरी आणली. तालुक्याला नेऊन रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन 9.1. बाईमाणसाचं 12 तरी पाहिजे. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, पळणं थोडे दिवस कमी करायला सांगितलं आणि मला विचारलं, "तुम्ही काय करता?"

म्हटलं, "पोल्ट्री आहे, पाच हजार पक्ष्यांची."

डॉक्टर काही बोलले नाहीत. नुसते माझ्याकडं बघितलं.

येताना हायवेच्या एका हॉटेलात थांबलो. पोरीनं मेनूकार्डावर बोट ठेवलं, "पप्पा, हे घेऊ?" चिकन क्लब सँडविच, 260 रुपये. माझं डोकं लगेच हिशेबाला लागलं. आपण करारावर पक्षी वाढवतो, मला किलोमागं साडेसात रुपये मिळतात. 2 किलो 300 ग्रॅमच्या पक्ष्याचे सव्वासतरा रुपये. म्हणजे हे सँडविच पंधरा पक्ष्यांच्या वाढणावळीचं झालं. पण तोंडानं म्हणालो, "घे."

डिश आली. भाजलेल्या पावाच्या तीन स्लाइस. एका थरात उकडून बारीक केलेलं चिकन नि मेयोनीज, दुसऱ्यात अंडं, चीज, काकडी, टोमॅटो. तिरकं कापून चार तुकडे, प्रत्येकात एक काडी खोचलेली. हा पदार्थ मूळचा अमेरिकेतला, 19व्या शतकाच्या शेवटीशेवटी तिथल्या क्लबांतून आला असं सांगतात. तिकडं त्यात डुकराचं खारवलेलं मांस असतं, आपल्याकडं बहुतेक ठिकाणी त्या जागी अंडं घालतात. दिसायला भारी, आणि चवीचं गणितही साधं आहे. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, मधेच गार काकडी, थोडं आंबट. हाडं काढत बसायला नको. पोरांना का आवडतं ते कळलं.

तिनं पहिला तुकडा सवयीनं माझ्यापुढं केला. म्हटलं, "तू खा." तर विचारते, "सगळं मीच खाऊ?"

त्या एका वाक्यानं मला घरापर्यंत गप्प केलं.

आमच्याकडं रविवारी किलोभर चिकन येतं. तेही दुकानातून विकत, कारण शेडमधला पक्षी आपला नसतो, कंपनीचा असतो, मोजून द्यावा लागतो. घरात खाणारे सहा. आधी आमचे वडील, मी आणि धाकटा पोरगा बसतो. मग आई. शेवटी बायको नि थोरली. त्यांच्या वाट्याला रस्सा, मान आणि पंख. असं कुणी ठरवून केलेलं नाही. वाढणारीनं चांगले तुकडे आधी वाढले, खाणाऱ्यानं विचारलं नाही, एवढंच. त्यातही मी म्हणायचो, "पोरींना रस्साच आवडतो."

आता शेडमधलं बघा. मोठ्या पक्ष्यांना मी 50 मागं एक फीडर लावतो. का? फीडर कमी पडले की तगडे पक्षी आधी खातात, बारके मागं राहतात, लॉट लहान-मोठा होतो आणि उचल करताना वजन मार खातं. हे मला सुपरवायझरनं पहिल्याच लॉटला शिकवलं. अकरा वर्षं पाळतोय. बारका पक्षी दिसला तर त्याला दोष देत नाही, आधी फीडर मोजतो. घरात मात्र मी पोरीच्या मोबाईलला दोष देत होतो.

आता सँडविचचा हिशेब मांडू. तीन स्लाइसचं प्रोटीन सुमारे 7 ग्रॅम. शिजलेलं चिकन 60 ग्रॅम धरलं तर 18. अंड्याचं 6. चीजचं 3. एकूण 34च्या आसपास. माणसाला रोज वजनाच्या किलोमागं 0.83 ग्रॅम लागतं. पोरगी 50 किलोची, म्हणजे साडेएक्केचाळीस. एका डिशमध्ये दिवसाच्या गरजेचा मोठा वाटा निघाला. शिवाय चिकन-अंड्यातून बी-12 मिळतं.

पण दुसरी बाजूही सांगतो. मेयोनीज म्हणजे बहुतेक तेलच, एका मोठ्या चमच्याला 90 ते 100 कॅलरी. पाव मैद्याचा, सोबत तळलेले बटाटे, मीठ भरपूर. आणि मुख्य म्हणजे कोंबडीच्या छातीच्या मांसात लोह फार नसतं. कलेजीत त्याच्या कितीतरी पट असतं. म्हणून सँडविच खाल्लं की रक्त वाढलं, असं कुणी समजू नका. गोळ्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणंच घ्यायच्या. एवढं आहे की मांसासोबत खाल्लं तर भाकरी-डाळीतलं लोहही अंगी जास्त लागतं. लिंबानंही लागतं. चहानं अडतं, म्हणून जेवणाला लागून चहा नको.

आता घरी काय बदललं ते. आठवड्यातून दोनदा आम्ही घरचं क्लब सँडविच करतो. चिकन हळद-मीठ घालून उकडायचं, तंतू सुटे करायचे. मेयोनीजऐवजी चक्का, त्यात पुदिना, मिरची, लिंबू. एक उकडलेलं अंडं. काकडी, टोमॅटो, कांदा. पाव तव्यावर भाजून, नाहीतर कालची चपाती कडक करून. पहिल्यांदा माझे तुकडे वेडेवाकडे झाले, काड्या नव्हत्या म्हणून खराट्याची धुऊन वापरावी का यावर आईनं बोलून घेतलं.

रविवारी कलेजी वेगळी आणतो, पूर्ण शिजवून. आणि सगळ्यांची ताटं एकदमच वाढायची, सारखे तुकडे मोजून. धाकटा कुरकुरला. वडील काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या रविवारी त्यांनी स्वतः पातेल्यात बघून विचारलं, "पोरींचं काढलं का?"

गोळ्या चालू होऊन बारा दिवस झालेत. टाइम अजून तसाच आहे, एवढ्यात सुधारणारही नाही. महिन्यानं पुन्हा तपासणी आहे, तेव्हा आकडा इथंच टाकेन, कमी आला तरी टाकेन.

मंडळी, फीडर तर आपण सगळेच मोजतो. आज रात्री घरात शेवटी कोण जेवतं आणि त्याच्या ताटात काय उरतं, तेवढं बघा. आणि कमेंटमध्ये खरं लिहा.