पुसू नये अशी खूण

पहाटेची लोकल सुटली तेव्हा वाणगावच्या मिरचीच्या वाड्या अजून अंधारात होत्या. आत्याच्या किरणोपचाराचा आज अकरावा दिवस. सोमवार ते शुक्रवार, रोज परळचं रुग्णालय. यंत्राखाली काही मिनिटं, बाकी सगळा दिवस प्रवासाचा. "एकदाच का नाही देत सगळं?" ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. थोडं थोडं दिलं की निरोगी पेशींना मधल्या वेळात सावरता येतं, हे तिला पटलं. शेताला पाणीही आपण एकदम देत नाहीच.

बोईसर आलं. इथून जवळच तारापूरला 1969पासून अणुवीज तयार होते. आत्या हळूच म्हणाली, "तेच ना रे माझ्या अंगात भरतात? म्हणून इतक्या रात्री नातवाला जवळ घेतलं नाही."

मी गप्पच झालो. बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत. ती यंत्राखालून उठली की कुणालाही जवळ घेऊ शकते. एवढं साधं वाक्य मी तिला तोवर सांगितलंच नव्हतं. ते आता सांगितलं.

भाभा अणुसंशोधन केंद्रात 1962पासून किरणांची मात्रा अचूक मोजणारे तज्ज्ञ घडवले जातात. रुग्णाच्या घरच्या माणसानंही थोडं शिकायला हवं.

आत्याच्या कातडीवर किरणांची जागा दाखवणारी शाईची खूण आहे. लहानपणीचं गोंदण आपोआप टिकलं. ही खूण मात्र ती अंघोळीत जपते.

रात्री नातू तिच्या कुशीत झोपला.