न ऐकू येणारा आवाज

सुरतेच्या माणसाला आवाजाचे अप्रूप नसते. उधना-लिंबायतकडच्या मागांची खडखड ज्यांनी आयुष्यभर ऐकली, त्यांना मोटारीतल्या एका लहानशा पंख्याच्या कुरकुरीचे काय! तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या कुटुंबात अशाच एका कुरकुरीवरून एका गाडीचे भवितव्य ठरण्याची वेळ आली.

गाडी होती सॅन स्टॉर्म. १९९८च्या सुमारास गोव्यात तयार होऊ लागलेली ही दोन आसनांची, छप्पर उघडणारी स्पोर्ट्स कार वाचकांपैकी थोड्यांनीच पाहिली असेल. फायबरग्लासची बॉडी आणि आत रेनोचे ११४९ सीसीचे इंजिन. पणजोबा गायकवाडी नोकरीनिमित्त नवसारी प्रांतात आले तेव्हापासून आमच्या घराण्यात बैलगाडी, सायकल आणि पुढे फियाट एवढीच वाहनांची परंपरा. ती माझ्या धाकट्या भावाने २००० साली ही लाल गाडी आणून मोडली. तीन वर्षांपूर्वी तो गेला आणि गाडी पुतण्याकडे आली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ती मुदत जवळ आली असतानाच हवेचा ब्लोअर किंचाळू लागला. एका गॅरेजवाल्याने निकाल दिला, "पूर्ण संच बदलावा लागेल, आणि तो मिळणार नाही. वायर काढून टाका."

वायर काढणे हा काही उपाय नव्हे. आषाढात काचा चढवून दोन माणसे गाडीत बसली की श्वासातली वाफ समोरच्या काचेवर जमते आणि रस्ता दिसेनासा होतो. काचेवर हवा सोडणारा ब्लोअर ही तेव्हा चैन राहत नाही. पुतण्या म्हणाला, "काका, विकून टाकू या." भावजय काही बोलली नाही, उठून आत गेली.

खरी अडचण आणखी वेगळी होती. मला तो आवाज ऐकूच येत नव्हता. साठीनंतर कानांतून प्रथम जातात ते उंच पट्टीचे स्वर. पुतण्याची अकरा वर्षांची मुलगी कानांवर हात दाबून धरी, आणि मला मात्र वाऱ्याची संथ घरघर तेवढी कळे. विक्रीकर खात्यात मी पस्तीस वर्षे लोकांच्या तक्रारी ऐकल्या. न ऐकू येणाऱ्या तक्रारीची चौकशी करण्याचा प्रसंग हा पहिलाच.

लिंबायतच्या एका गल्लीत मोटरचे वाइंडिंग करणारा एक कारागीर आहे. मूळचा नंदुरबारकडचा. अठरा वर्षे मागावर काढल्यावर कान अधू झाले, तेव्हा त्याने हा धंदा धरला. आम्हा जुन्या सुरतकर मराठी घरांचा आणि खानदेशातून मागांवर आलेल्या ह्या मराठी वस्तीचा फारसा संबंध येत नाही. ह्यात भूषण वाटण्यासारखे काही नाही. असो. दोन बहिरे एका आवाजाच्या शोधाला लागले. त्याने डॅशबोर्डखाली डोके घातले, ब्लोअर सुरू करायला लावला, पेचकसाचे टोक मोटरच्या पाठीवर टेकवले आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली. मग बटण बंद करून पंखा थांबायला किती वेळ लागतो ते पाहिले. निरोगी मोटर रेंगाळत थांबते. ही जागीच अडली. "काका, बुश सुकी गया शे," तो म्हणाला. तेवढ्याने चौकशी संपली.

तीन स्क्रू काढून मोटर खाली घेतली, तो पंख्याच्या चाकात गुलमोहराच्या बारीक पानांचा चुरा निघाला. तोल गेला की दांडा बुशात एका बाजूने घासतो, म्हणून तो आधी ब्रशने झाडला. ह्या पिंजऱ्यासारख्या चाकाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. सॅम्युअल डेव्हिडसन नावाचा आयरिश तरुण १८६४ साली कछारच्या चहामळ्यांत आला. चहा वाळवण्याची यंत्रे करता करता त्याने पुढे बेलफास्टमध्ये हा पंखा सिद्ध केला आणि त्याला वाळवंटी वाऱ्याचे 'सिरोक्को' हे नाव दिले. म्हणजे आज मोटारीत फिरणारे हे चाक मुळात आपल्याच देशातल्या चहाच्या पानांसाठी केलेल्या खटपटीतून आले.

बुश मात्र आणखी विलक्षण वस्तू आहे. काशाच्या भुकटीतून दाबून केलेला हा लहानसा गोल अंगभर सच्छिद्र असतो आणि आकारमानाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके तेल पोटात धरून ठेवतो. दांडा फिरून तापला की तेल पाझरते, थंड झाला की परत शोषले जाते. पंचवीस वर्षांच्या उष्म्यात आणि धुळीत हे तेल आटले, ह्यात बनवणाऱ्याचा काय दोष! वरून गंज सोडवणारा फवारा मारला असता तर चार दिवस शांतता लाभली असती आणि उरलेले तेलही धुऊन गेले असते. आमच्या कारागिराने कडांचे पत्रे अलगद उलगडून मोटर उघडली, कॉम्युटेटर बारीक काचकागदाने पुसला, कार्बन अजून पुरेसे लांब आहेत हे दाखवले. मग बुशासकट दोन्ही झाकणे स्पिंडल ऑइलच्या वाटीत बुडवून ती वाटी गरम पाण्यात ठेवली. स्पिंडल ऑइल सुरतेत कमी नाही. थोड्याच वेळात बुशातून बारीक बुडबुडे वर येऊ लागले. छिद्रांतली हवा बाहेर पडत होती आणि तिच्या जागी तेल शिरत होते. अर्धा तास आम्ही दोघे त्या वाटीकडे पाहत बसलो. तो मुलाच्या लग्नाविषयी बोलला, मी भावाविषयी.

मोटर जोडून झाल्यावर परीक्षा घेण्याची पात्रता आम्हा दोघांपैकी कोणाकडेच नव्हती. मुलीला आणले. तिने डोळे मिटले, ब्लोअर पहिल्या वेगावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या वेगावर ऐकला आणि म्हणाली, "मोठे आजोबा, आता फक्त वारा वाजतोय." कारागिराला ते मी मोठ्याने सांगितले. त्याने दीडशे रुपये मागितले. जास्त देऊ केले तर घेईना. उरलेले स्पिंडल ऑइल एका औषधाच्या बाटलीत भरून मात्र त्याने माझ्या हाती दिले.

पुढच्या सोमवारी पुतण्याने नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज भरला. त्यासोबत जोडायची जुनी कागदपत्रे भावजयीनेच कपाटातून काढून दिली.