फुले मंडई ते लोहार चाळ : वायरमनच्या अभ्यासाची वाट

आपल्या वस्त्यांत वायरमन पुष्कळ. कुणी आयटीआय करून आलेला, तर कुणी शाळा सुटल्यावर मिस्त्रीच्या हाताखाली पक्कड धरून शिकलेला. पंधरा-पंधरा वर्षे भिंतींतून पाईप टाकलेले, बोर्ड भरलेले हे हात. पण काम पुरे झाले की चाचणीच्या अहवालावर सही दुसऱ्याची होते, कारण कागद त्याच्याजवळ असतो. आपला माणूस रोज घेऊन घरी येतो आणि सहीचे मोल दुसरीकडे जाते. हा कागद ज्या परीक्षेने मिळतो तिचा अभ्यास कसा करावा, हे सांगण्यासाठी वाचकांना आज मुंबईच्या एका जुन्या भागातून पायी फिरवून आणायचे आहे.

निघण्यापूर्वी कागद कोणते ते समजून घेऊ. ते तीन आहेत. तारतंत्रीचा, म्हणजे वायरमनचा परवाना असेल तर काम करता येते. पर्यवेक्षकाचे, म्हणजे सुपरवायझरचे प्रमाणपत्र असेल तर कामावर देखरेख करता येते. कंत्राटदाराचा परवाना असेल तर काम स्वतःच्या नावावर घेता येते. दिवा, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदारानेच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या नजरेखाली करावे, असा नियम १९५६ पासूनच्या विद्युत नियमांत होता आणि नंतरच्या नियमांतही कायम राहिला.

आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरू. रोज धावतपळत आपण या फलाटांवरून जातो, पण परीक्षार्थ्याने येथे पाच मिनिटे थांबावे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची गाडी येथून कुर्ल्यापर्यंत धावली. तेव्हा डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. २०१६ सालापर्यंत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह आला. परीक्षेचा प्रश्न असा, की एवढा खर्च करून दाब का वाढविला? उत्तर गणितात आहे. तेवढीच शक्ती न्यायची असेल तर दाब सुमारे सतरापट झाल्यावर प्रवाह सतराव्या हिश्शावर येतो. तारेतला नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो त्याहूनही फार घटतो. सूत्र पाठ करणारा ते चार दिवसांत विसरतो. लोकलकडे पाहून समजून घेणारा जन्मभर विसरत नाही.

स्टेशनातून दादाभाई नौरोजी मार्गाने उत्तरेकडे दहा मिनिटे चालले की महात्मा जोतिबा फुले मंडई लागते. लोक अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. ही इमारत १८६९ची. १८८२ साली येथे विजेचे दिवे लागले, ते मुंबईतल्या पहिल्या विजेच्या दिव्यांपैकी. वीज शहरात आली ती अशी भाजी-फळांच्या बाजारात. कष्टकऱ्याच्या चाळीत पोहोचायला तिला पुढे कित्येक दशके लागली.

वीज सर्वांपर्यंत जावी हा विचार आपल्याला परका नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. विजेच्या विकासाची आखणी करण्यासाठी केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली स्थापन झाले, ते याच काळात. स्वस्त आणि मुबलक विजेवाचून उद्योग नाही आणि उद्योगावाचून गरिबी हटणार नाही, हे त्यांनी तेव्हाच बजावले होते.

मंडईपासून मंगलदास मार्केट, झवेरी बाजाराच्या अंगाने आत शिरले की लोहार चाळ येते. नाव चाळीचे, पण आहे विजेच्या सामानाचा अख्खा बाजार. वायरची भेंडोळी, स्विच, होल्डर, एमसीबी, पाईप, पंखे, मीटर. हातगाडी आणि हमाल यांतून वाट काढत चालावे लागते. रविवारी जाऊ नये, बाजार बंद असतो.

येथे डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याची उजळणी आपोआप होते. जुने मिस्त्री तारेला '१/१८', '३/२०' म्हणतात, म्हणजे १८ गेजचा एक तंतू, २० गेजचे तीन तंतू. पुस्तकात मात्र चौरस मिलिमीटर असतात. दिव्याला साधारण दीड, प्लगला अडीच, गिझरला चार. दोन्ही भाषा यायला हव्यात. बाजारात एक लागते, परीक्षेत दुसरी.

जुनी किटकॅट हातात घेऊन पाहा. वायर जळण्याआधी फ्यूजची तार वितळावी, एवढेच तिचे काम. सारखी उडते म्हणून त्यात जाड तार पिळणारा वायरमन घराला आग लावण्याची सोय करतो. त्याच्या शेजारी ठेवलेली आरसीसीबी पाहा. तिच्यावर ३० मिलीॲम्पिअर लिहिलेले असते. माणसाचा जीव घ्यायला ॲम्पिअरचा दहावा हिस्साही पुरतो. तेवढ्याने पाच ॲम्पिअरचा फ्यूज उडणारच नाही. म्हणजे फ्यूज आणि एमसीबी वायरला राखतात, आरसीसीबी माणसाला राखते. हा फरक ज्याला सांगता आला त्याचा निम्मा अभ्यास झाला.

पुढच्या दुकानात मेगर दिसेल. नव्या वायरिंगची चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर एक मिनिट घ्यायची आणि जिवंत तार व जमीन यांमधला रोध निदान एक मेगोहम भरला पाहिजे, हा नियम. अहवालावरची सही म्हणजे या आकड्याची हमी. न तपासता केलेली सही खोटी, आणि तिची किंमत त्या घरातल्या लेकराबाळांना मोजावी लागते.

पुस्तक घेताना एक काळजी घ्यावी. जुन्या पुस्तकांत १९१०चा कायदा आणि १९५६चे नियम छापलेले असतात. आता कायदा २००३चा आहे. सुरक्षेचे विनियम २०१०मध्ये आले आणि त्यांची जागा २०२३च्या विनियमांनी घेतली. ओहमचा नियम बदलत नाही, कायद्याचे कलम बदलते. तेवढे प्रकरण नव्या पुस्तकातून वाचावे.

शेवटचा मुक्काम आपल्याच चाळीत, जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत. बॅटरी घेऊन नुसते पाहावे, हात लावू नये. हिरवी तार कुठून आली, कुठे गेली? पुष्कळ ठिकाणी ती मध्येच तुटलेली आढळते. इस्त्रीच्या आत फेजची तार सुटून पत्र्याला टेकली, तर अर्थिंग असलेल्या घरात मोठा प्रवाह जमिनीत जातो आणि एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर तो पत्रा तसाच जिवंत राहतो आणि कुणाच्या तरी ओल्या हाताची वाट पाहतो. तो हात बहुधा घरातल्या बाईचा असतो.

उपकेंद्रात विजेच्या धक्क्यावरच्या उपचारांचा तक्ता मराठीत लावलेला असतो. तो परीक्षार्थ्याने तर वाचावाच, पण घरच्यांनाही वाचून दाखवावा. पहिली गोष्ट ही, की चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचा.

दिवसभर कामावर राबून रात्री वही उघडणे सोपे नाही. म्हणून रोज एकच 'का' घ्यावा. आज अर्थिंग का, उद्या फ्यूज का. कामावर हात जे करतात त्याचे कारण रात्री चार ओळींत लिहावे. घरच्यांनी तेवढा तासभर टीव्हीचा आवाज कमी करावा. मुलगी आयटीआयला असेल तर तिलाही वहीसमोर बसवावे, हा कागद तिच्याही नावावर निघतो. हाताला काम येते आहेच. त्या कामाखाली आपली स्वतःची सही यायची आहे.